थोरला मागून येतो

पुणे
१२ फेब्रुवारी १९९६

प्रिय मुग्धा,

उशिराची कारणं तुझ्यापुढे मांडायची मला लाज वाटते, तरी सांगते. डिसेंबरात वेदांग गेला तेव्हा मी नायजेरियात इबादानला होते आणि तुझ्या आईचं पत्र माझ्या हातात पडायला पाच आठवडे लागले. साडेपाच वर्षांचं पोर चार दिवसांच्या मेंदूज्वरात जातं आणि त्याची मावशी परमुलखातल्या बायकांना त्यांच्या पोरांबद्दल प्रश्न विचारत हिंडत असते. माझा मलाच राग आला.

परवा फोनवर रडले ती मी. तू रडली नाहीस. शांतपणे विचारलंस, की ताई, तुझ्या त्या योरुबा लोकांत जुळ्यांतलं एक गेलं तर आई काय करते. तेव्हा मला बोलवेना, म्हणून आता लिहिते.

तुला जुळं झालं तेव्हा मी किती चिडवलं होतं, आठवतं? अठरा वर्षं मी योरुबांची जुळी मोजत फिरतेय आणि माझा विषय जन्माला आला तो माझ्याच मावसबहिणीच्या पोटी. त्यांच्यात जो आधी जन्मतो तो धाकटा. थोरला त्याला पुढे पाठवतो, की जा, जग राहण्याजोगं आहे का बघ. त्याने रडून कळवलं की मग थोरला मागून येतो. त्या हिशेबाने तुझी केया धाकटी, आणि सात मिनिटांनी आलेला वेदांग थोरला.

दोघांतलं एक गेलं तर ते दुसऱ्याला बोलावून घेईल, अशी त्यांना धास्ती असते. म्हणून आई लाकडाची मूर्ती करवून घेते, तिला न्हाऊ घालते, भरवते. जे मुसलमान किंवा ख्रिस्ती झाले त्यांच्यातले काही जण मूर्तीऐवजी फोटो ठेवतात. दोघांचा एकत्र फोटो नसला तर राहिलेल्या मुलाचेच दोन वेगळ्या कपड्यांत दोन फोटो काढतात आणि स्टुडिओवाला ते शेजारी शेजारी जोडून देतो. जुळं पुन्हा पुरं होतं.

तू विचारलंस म्हणून लिहिलं. त्यांची समजूत आहे ती, मनावर घेऊ नकोस. केयाला जवळ घे. मन मोकळं करावंसं वाटलं तर मला लिहीत जा, काय वाटलं, काय केलं, सगळं. तारीख घालून.

तुझी
शोभनाताई

*

शारजा
२६ मे १९९६

ती. शोभनाताई,

तुझं पत्र सुजीतच्या ऑफिसच्या पोस्ट बॉक्सवर आलं. इथे घरी पोस्टमन येत नाही, त्यामुळे आमची सगळी सुखदुःखं आधी ऑफिसात पोचतात. मी ते कणकेच्या डब्यामागे ठेवलंय. रोज एकदा वाचते.

एक नवल सांगायचंय. सुजीतच्या कंपनीचं गोडाऊन इंडस्ट्रियल एरियात आहे, तिथून जुन्या गाड्यांची इंजिनं नायजेरियात, लागोसला जातात. माल नेणाऱ्यांत रशीदा म्हणून एक बाई आहे, धिप्पाड, हसरी, डोक्याला भलं मोठं कापड गुंडाळलेली. वेदांगचं कळल्यावर ती भेटायला आली. बोलता बोलता कळलं की ती योरुबाच आहे आणि स्वतः जुळ्यांतली. तिची बहीण लहानपणी गेली. तू लिहिलंस तसाच फोटो तिच्या आईने काढवून घेतला होता. दोन्हीकडे रशीदाच उभी. मी तिला विचारलं, तुला कसं वाटायचं. म्हणाली, आई झोपायला लागली, एवढं आठवतं.

आमच्याकडे दोघांचे फोटो आहेत, चांगले दोन आल्बम. पण वीस तारखेला केया सहा वर्षांची झाली आणि सहा वर्षांच्या वेदांगचा फोटो कुठेच नाही. म्हणून आम्ही मोहिद्दीनच्या स्टुडिओत गेलो. आधी केयाचा फ्रॉकमधला काढला, मग तिला त्याचा निळा शर्ट घातला, केस टोपीत कोंबले आणि दुसरा काढला. मोहिद्दीनने हिंदीत विचारलं, फॅन्सी ड्रेस है क्या. मी हो म्हटलं.

आता फोटो हॉलमध्ये आहे. डावीकडे केया, उजवीकडे वेदांग. मीसुद्धा झोपायला लागलेय, ताई. डिसेंबरानंतर पहिल्यांदा. तुझे उपकार कसे फेडू?

तुझी
मुग्धा

*

पुणे
२ जुलै १९९६

प्रिय मुग्धा,

तुझं पत्र मी उभ्या उभ्या तीनदा वाचलं. तुला झोप लागते याचा आनंद तर आहेच, आणि आता खोटं कशाला बोलू, तुझ्या ताईतली प्राध्यापिकाही खूश झाली. वाढदिवसाला फोटो काढून गेलेल्या मुलाला सहा वर्षांचं करायचं, हे मला तिकडे कुठेही आढळलेलं नाही. ते तुझं स्वतःचं आहे. एक रीत समुद्र ओलांडून एका मराठी घरात येते आणि तिथे नवं वळण घेते. या एका वाक्यासाठी माणसं जन्म घालवतात.

मला एवढं सांग: फोटोची जागा कुणी निवडली? रोज त्याच्यासमोर काय करतेस? केया त्याच्याशी बोलते का? सुजीत? फोटोची एक प्रत मला पाठव. कुठे लिहिलंच तर नावं बदलीन, काळजी नको.

आणि नीट जेवत जा.

तुझी
शोभनाताई

*

शारजा
३ जून १९९८

ती. शोभनाताई,

यंदाचा फोटो सोबत पाठवतेय, हा तिसरा. आठ वर्षांचा वेदांग. टोपी लागली नाही, केयाचे केस मी मार्चमध्येच कापले.

सासूबाई महिनाभर येऊन गेल्या. आल्या आल्या चप्पल न काढताच भिंतीशी गेल्या. उजवीकडच्या फोटोला मी चंदनाचा हार घालते, गेलेल्याला घालतातच ना. त्या म्हणाल्या, "मुग्धा, जिवंत पोरीच्या तोंडावर हार घातलायस." मी सांगितलं, ही केया नाही, हा वेदांग आहे. केयाचा फोटो डावीकडे आहे, त्याला कुठे हार आहे. त्यांनी देवापुढे दिवा लावला आणि जाईपर्यंत हॉलमध्ये जेवल्या नाहीत.

रशीदाचंही बिनसलंय. तिला तिन्ही फोटो दाखवले, वाटलं खूश होईल. तिने ते पालथे घातले. म्हणाली, हा फोटो आयुष्यात एकदा काढायचा असतो, मूल गेलं त्या वयाचा. "तू त्याला वाढवतेयस. मेलेल्याला वाढवलंस तर एक दिवस त्याला जागा लागेल." चहा तसाच टाकून उठली. पुन्हा आलेली नाही.

ताई, तू तिकडे इतकी वर्षं काढलीस. तू सांगशील ते मी ऐकेन. थांबवू का?

मुग्धा

*

पुणे
२८ जून १९९८

प्रिय मुग्धा,

रशीदाबाईंचं एवढं मनाला लावून घेऊ नकोस. त्या लागोसमध्ये वाढलेल्या, व्यापारात रमलेल्या, जुन्या रीतीपासून दोन पिढ्या लांब. मी बत्तीस गावांत हजारावर आयांशी बोललेय, जागा लागते वगैरे मला कुणी सांगितलेलं नाही. माणसं आपली भीती रीत म्हणून खपवतात, आमच्या धंद्यात ही पहिली शिकवण. सासूबाईंचं तर तू जाणतेसच.

तुला शांत वाटतं ना? मग पुरे.

परदेशातल्या एका विद्यापीठाने माझं पुस्तक छापायचं कबूल केलंय. शेवटचं प्रकरण तुझं. पन्नाशीला आले तरी मी रीडरच आहे, या पुस्तकावर माझी प्रोफेसरकी ठरेल. तिन्ही फोटोंच्या निगेटिव्ह मोहिद्दीनकडून मिळव. पुढच्या वर्षीचाही लागेल.

तुझी
शोभनाताई

*

शारजा
१० जानेवारी १९९९

आदरणीय शोभनाताई,

हे पत्र मुग्धाला न सांगता लिहितो आहे. उत्तर ऑफिसच्या बॉक्सवर, फक्त माझ्या नावाने पाठवावं.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही, म्हणून जे आहे ते सांगतो. आता हे वाढदिवसापुरतं राहिलेलं नाही. सोमवारी आणि गुरुवारी संध्याकाळी केया वेदांगचे कपडे घालून बसते. कपडे त्याचे म्हणजे दरवर्षी नवे, वाढत्या मापाचे आणलेले. मुग्धा त्याचा अभ्यास घेते, त्याला आवडायचा तो गोडाचा शिरा करते. त्या दोन तासांत ती मुलीला केया म्हणून हाक मारत नाही. मी केयाला बाजूला घेऊन विचारलं. ती म्हणाली, "इट्स ओके पपा. ममी इज हॅपी देन." आठ वर्षांच्या मुलीने असं म्हणावं आणि मी त्यावर गप्प बसावं. मी गप्प बसलो, ताई, हेही लिहून टाकतो.

डॉक्टरांकडे चल म्हटलं तर मुग्धा तुमची पत्रं काढून दाखवते. तिच्यावर तुमच्याशिवाय कुणाचं चालत नाही. तिला स्पष्ट लिहा की हे थांबव. एवढं एक पत्र लिहा. माझी एप्रिलपासून मस्कतला बदली होतेय, नाही म्हणता आलं नाही. नंतर घरात त्या दोघीच असतील.

आणि फोटो कृपया छापू नका.

आपला
सुजीत

*

पुणे
१६ फेब्रुवारी १९९९

प्रिय सुजीत,

तुमची काळजी मला समजते. पण अशा गोष्टी एका पत्राने तोडता येत नाहीत. घाईने थांबवलं तर मुग्धाला धक्का बसेल, आणि तो धक्का केयावर निघेल. माझ्या अनुभवावर थोडा विश्वास ठेवा.

पुस्तक सप्टेंबरात प्रेसला जातंय. तोपर्यंत आहे तसं चालू द्या. ते हातावेगळं झालं की मी स्वतः शारजाला येते, आठ दिवस राहते आणि तिला हळूहळू यातून बाहेर काढते. फोटोंबद्दल निश्चिंत असा, मुलगी ओळखू येणार नाही याची खबरदारी घेईन.

सोमवार आणि गुरुवार हेच वार तिने कसे ठरवले, हे जमल्यास कळवाल का?

तुमची
शोभनाताई

*

शारजा
१८ मार्च २०००

ती. शोभनाताई,

पुस्तक पोचलं. किती देखणं झालंय. मुखपृष्ठ बघून मी हात जोडले. तू डावी बाजू काढून टाकलीस आणि फक्त त्याला ठेवलंस. एकटा किती मोठा दिसतो ना? खाली लिहिलंयस, जुळ्यांतला मृत भाऊ, वय नऊ वर्षं. मी त्याचं वय असं छापलेलं कधी पाहिलं नव्हतं. दुबईत शाळेच्या मीटिंगला गेले तेव्हा पर्समधून नेलं होतं. कुणाला दाखवलं नाही, नुसतं जवळ ठेवलं.

सुजीतला राग आला. पण तो मस्कतला असतो, दोन आठवड्यांनी येतो, रागावून परत जातो. खलास. घर शांत असतं.

पान एकशे बारा मी पाठ केलंय. धाकटा पुढे येऊन जग बघतो आणि थोरला मागून येतो. हे तू मला पहिल्या पत्रातच लिहिलं होतंस, चार वर्षं रोज वाचत होते, तरी नीट डोक्यात शिरलं नव्हतं. आपण समजतो की वेदांग गेला. अगं, तो अजून यायचाय. केया पुढे आली, दहा वर्षं तिने जग बघितलं, आता तिचं काम झालं.

मोनू म्हणायचे मी त्याला, तुला आठवतं? परवा त्या नावाने हाक मारली तर ओ आली.

तू किती शिकलेली आहेस, ताई. मला तुझा फार अभिमान वाटतो.

तुझी
मुग्धा

*

पुणे
९ एप्रिल २०००

मुग्धा,

चार दिवस तुला फोन लावतेय. तू उचलतेस, माझा आवाज ऐकतेस आणि ठेवून देतेस. म्हणून हे रजिस्टर्ड पत्र.

नीट वाच. पान एकशे बारावर जे आहे ती त्यांची समजूत आहे. ती जन्माबद्दल आहे. गेलेलं माणूस मागून येतं असं योरुबांच्या त्या गोष्टीतही नाही आणि आपल्यातही नाही. वेदांग नाही. आपल्या केयाचा फोटो आहे तो, प्रत्येक वर्षीचा, दोन्हीकडचा. हे मी तुला चार वर्षांपूर्वी एका ओळीत लिहू शकले असते. सुजीतने तर हात जोडून मागितलं होतं. मी लिहिलं नाही, कारण मला पुढच्या वर्षीचा फोटो हवा होता. हे वाक्य लिहायला मला तीन कागद फाडावे लागले.

मुखपृष्ठ प्रकाशकांनी सुचवलं, पण सही माझी आहे. एका जिवंत मुलीचा चेहरा छापून मी त्याखाली मृत म्हटलं. तुझ्या सासूबाईंना जे दारात पाऊल टाकताच दिसलं, ते मला हजार आयांशी बोलून दिसलं नाही. आणि रशीदाने तुला रीतच सांगितली होती. मी तिला अडाणी ठरवलं.

यंदा स्टुडिओत जाऊ नकोस. ते कपडे कुणाला तरी देऊन टाक. केयाला केया म्हण, दिवसातून शंभर वेळा म्हण. प्रोफेसरच्या जागेची मुलाखत दोन जूनला आहे. ती होताच, पाच तारखेच्या विमानाने मी येते. तोवर माझ्यासाठी एवढं कर.

शोभना

*

शारजा
१७ मे २०००

शोभनामावशी,

मी केया. माझं मराठी चुकलं तर सॉरी. शाळेत सेकंड लँग्वेज हिंदी आहे म्हणून मला अक्षरं येतात.

तुझं रजिस्टर्ड पत्र आईने उघडलं नाही. ते कणकेच्या डब्यामागे आहे. मी उघडून वाचलं. मला सगळे शब्द नाही आले, पण तू येणार आहेस ते समजलं. पाच जून. माझा बर्थडे तीन दिवसांनी आहे, वीसला.

मी आईवर कंप्लेंट नाही करत आहे. ती मारत नाही, ओरडत पण नाही. आधी मी मंडे आणि थर्सडेला वेदांग असायचे, ते ओके होतं. आता मी फक्त शाळेत केया असते, कारण टीचर हजेरी घेते. आई म्हणते समरनंतर शाळा बदलू, जवळची, आणि तिथे नवीन नाव सांगू.

भिंतीवरच्या फोटोचा हार आधी उजवीकडे होता. आता आईने तो डावीकडे लावला आहे. डावीकडे मी आहे. मी विचारलं का, तर ती म्हणाली, केया खूप गुणी होती.

दर वर्षी बर्थडेला दोन ड्रेस येतात, एक फ्रॉक आणि एक शर्ट-पँट. या वर्षी आईने फक्त शर्ट-पँट आणलं आहे. मी बॅग दोनदा बघितली.

पपा बर्थडेला येणार होते पण त्यांना सुट्टी नाही मिळाली. ते म्हणाले नेक्स्ट फ्रायडे, इन्शाल्ला. काल रशीदा आंटी खाली दुकानात भेटली. तिने मला बघितलं आणि विचारलं, तू कोणती? मी आधी माझे कपडे बघितले. मग तिने माझा हात धरला आणि म्हणाली, तुझ्या मावशीने सुरू केलं आहे, मावशीलाच लिही. हे पत्र तीच पोस्ट करणार आहे.

तुला पाच जूनच्या आधी येता येत नसेल तर एक काम कर. मला पत्र पाठव. आत काही नाही लिहिलं तरी चालेल. पण पाकिटावर माझं नाव लिही, केया, मोठ्या अक्षरात. पपांच्या बॉक्सवर पाठव, ऑफिसचे अंकल घरी आणून देतात. मग ते आईसमोर मोठ्याने नाव वाचतील आणि मी जाऊन घेईन.

केया